चौथ्या माईकने ऐकलेली खाडी

मित्रांनो, आम्ही चौघे भाऊ. त्यातला चौथा तो मी. आता जुना झालोय. अंगावरचा काळा रंग कडेकडेने उडालाय आणि तार जोडतात त्या टोकाला खाऱ्या हवेने हिरवट डाग पाडलेत. लोक मला माईक म्हणतात. पण माईक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो लग्नाच्या हॉलमधला, 'हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग' वाला. तो मी नव्हे. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन लोक ओरडतात. मला मात्र झाडाला बांधायचं आणि आपण लांब जाऊन बसायचं. मग वारा, पाणी, पाखरं जे काही बोलतील ते मी ऐकायचं. हाच माझा धंदा.

आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक रडतात, असं मी ऐकलंय. मी रडणार नाही. मी रागावलोय, आणि का रागावलोय ते नीट पहिल्यापासून सांगणार आहे.

माझ्या पोटात एक पापुद्रा आहे, कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ. आवाज आला की तो थरथरतो. माझी सगळी अक्कल त्या थरथरण्यात. ऐकलेलं मी साठवून ठेवत नाही. ते तारेतून रेकॉर्डरकडे जातं आणि तिथे राहतं. पण जे आपल्या अंगावरून थरथरत गेलं, ते कसं विसरायचं?

कारखान्यात आम्हा चौघांना एका बाकावर बसवून आमचे कान तपासले होते. एकच आवाज चौघांना ऐकवला आणि चौघांनी तो अगदी सारखा ऐकला. म्हणून तर आम्हाला एका डब्यात घातलं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे माझ्यावर जो ठपका आला तो माझ्या कानांमुळे नव्हता, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. माझे कान तीन भावांच्या कानांइतकेच चांगले आहेत. कुणी माझं तोंड कुणीकडे वळवलं, त्यात माझी काय चूक?

आम्हाला निनादने घेतलं. निनाद नवीन पनवेलला राहतो. मालिकांमध्ये बोलणाऱ्या सासवांचे आवाज स्वच्छ करायचे, ही त्याची नोकरी. दिवसभर ते करून तो इतका विटायचा की सुट्टी मिळाली रे मिळाली की आम्हाला पाठीवर घेऊन निघायचा. कधी कर्नाळ्याच्या जंगलात, कधी गाढी नदीच्या काठाला. चौघांना चार दिशांना लावायचा. एका कानाला आवाज कळतो, दोन कानांना तो कुठून आला ते कळतं, आणि चार कान चार बाजूंना बसवले की अख्खी जागा कळते. घरी येऊन चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले की माणूस डोळे मिटून जंगलाच्या मधोमध बसतो. निनाद बसायचा. त्याची बायको भावना बसायची. तेव्हा तिला दिवस गेले होते. "बाळ हललं रे, खंड्या ओरडल्यावर हललं," असं ती म्हणाली की निनाद तेवढा तुकडा पुन्हा लावायचा.

वारा थेट अंगावर आला तर आम्हाला त्याच्या घरघरीपुढे काही ऐकू येत नाही. म्हणून आम्हाला केसाळ टोप्या घालतात. विकतच्या टोप्या निनादला आवडेनात, तेव्हा भावनाने घरीच शिवल्या. तिघांना राखाडी केसाळ कापड पुरलं. माझ्या वेळेला संपलं. मग तिने येणाऱ्या बाळासाठी आणलेल्या पिवळ्या दुलईचा एक कोपरा कापला आणि मला टोपरं शिवलं. शिवताना मला मांडीवर घेऊन म्हणाली, "तू धाकटा. तुला पिवळं." मित्रांनो, त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं तर मी जगातला सर्वांत लाडका माईक आहे असंच सांगितलं असतं.

पुढे मनस्वी जन्मली. निनादच्या रेकॉर्डिंगचं कौतुक व्हायला लागलं. आणि एक दिवस देवेश घरी आला.

देवेश एका कंपनीचा माणूस. पांढरे बूट, गोड बोलणं. कंपनीला पनवेलच्या खाडीकाठी निसर्ग उद्यान करायचं होतं. तिवरांच्या झाडीतून लाकडी पूल, पक्षी बघायला मनोरे, तिकीट काढून आत जायचं, आणि सगळ्याला बाहेरून कुंपण. "आम्हाला खाडीचा प्युअर आवाज पाहिजे," देवेश म्हणाला. "एकदम अनटच्ड. माणसाचा स्पर्श नसलेला." निनादचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे सासूऐवजी टिटवीचा आवाज मागत होतं.

सकाळी ओहोटीच्या वेळेला आम्ही खाडीवर पोचलो. निनादने एकाला पाण्याकडे तोंड करून लावलं, दुसऱ्याला तिवरांच्या आत, तिसऱ्याला उघड्या चिखलाकडे. मी उरलो. चौथी बाजू बांधाची होती. बांधावरून कोळीवाड्याची पायवाट खाली चिखलात उतरते. निनादने मला एका तिवराला बांधलं आणि माझं तोंड त्या वाटेकडे केलं. मित्रांनो, ही वाट ध्यानात असू द्या. माझा सगळा राग तिच्यापायी आहे.

काय सुंदर सकाळ होती ती! ओल्या चिखलावरून निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या, पच्च पच्च. चिंबोऱ्या बिळांच्या तोंडाशी टकटक करत होत्या. लांब टिटवी. आणि माझ्या बाजूने आल्या बायका.

डोक्यावर पाट्या, हातात कालवं फोडायच्या कोयत्या, कासोटा वर खोचलेला. पुढे कृष्णाबाई. मागे तिची धाकटी जाऊ किशोरी. तिच्या मागे आणखी चारपाच जणी. कोळीवाड्यातल्या बायका ओहोटीला याच वाटेने खाली उतरतात. कालवं, खुबे असले शिंपले आणि चिंबोऱ्या काढतात आणि भरतीच्या आत वर येतात. त्यावर त्यांची घरं चालतात. वाट एवढीच आहे. दुसरीकडून उतरलं तर कमरेपर्यंत रुतायला होतं.

किशोरीने मला पाहिलं आणि जागीच थांबली.

"बाय माझे! तिवराला मांजर कोनी बांधलं गो?"

"मांजर नाय ते," कृष्णाबाई म्हणाली. "मांजराला पाय असतात."

"मंग पाय कापलेलं मांजर हाय. पिवलं. आनि तो बघ, तो तिथं कानाला डबे लावून बसलाय. तो ह्या मांजरीचा बाप."

सगळ्या खो खो हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण माईकला हसता येत नाही. फक्त थरथरता येतं. मी थरथरलो.

निनादला हेडफोनमधून हे सगळं ऐकू जात होतं. तो उठला, चपला हातात घेऊन चिखल तुडवत आला. वाईट माणूस नाही हो तो. हात जोडले त्याने. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून म्हणाला, "मावशी, एक विनंती आहे. मी खाडीचा आवाज घेतोय. तुम्ही जरा वेळ बोलू नका. हसू पण नका. जरा वेळच."

कृष्णाबाईने त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं. "आमी बोललो तर तुजा आवाज पलून जाईल?"

"तसं नाही मावशी. पण निसर्गाचा आवाज पाहिजे. फक्त निसर्गाचा."

"बरं बाबा. पावना हायस. तुजा मान राखू." मग ती मागे वळली. "ऐकलं का गो? तोंडं मिटा. किशोरी, तुला खास सांगतंय."

आणि त्या गप्प झाल्या. एरवी हसत बोलत चिखलात उतरणाऱ्या बायका त्या दिवशी चोरासारख्या उतरल्या. पाटी ठेवायची तीही आवाज न करता. कोयती मारायची तीही हळू. त्यांच्यात एक रीत आहे. चिखलात सगळ्या पांगतात, तिवरांआड एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळाने थोरलीने एकेकीचं नाव घेऊन हाक मारायची आणि जिची तिने ओ द्यायची. पाणी फिरलं की तर हाक मारायचीच मारायची, कारण भरती मागच्या ओढ्यातून गुपचूप येते आणि बाईला कळायच्या आत तिची वाट पाण्याखाली जाते. त्या दिवशी कृष्णाबाईने हाक मारली नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. पाहुण्याचा मान!

शेवटी पाणी फिरलं. तिला राहवेना. तिने गळा मोकळा सोडला. "पानी फिरलं गोऽऽ! किशोरी, हायस काय?" आणि लांबून, फार लांबून किशोरीची ओ आली. ती धावत, ठेचकाळत वर आली तेव्हा मांड्यांपर्यंत भिजली होती आणि तिची अर्धी पाटी वाहून गेली होती.

"मांजरीच्या बापाला सांग," ती धापा टाकत म्हणाली, "माज्या चिंबोऱ्या भरून दे."

निनाद ओशाळला. पण घरी जाताना त्याचं मन आनंदात होतं. हाकेच्या आधीचा एवढा मोठा स्वच्छ तुकडा त्याला मिळाला होता.

आवाज जुळवायचं काम भावनाचं. मनस्वी झोपली की ती बसायची. हेडफोनचा एक डबा एका कानावर, दुसरा कान मोकळा, पाळण्याकडे. पाळण्यातून कुरकुर आली की पायाने दोरी ओढायची आणि हाताने काम चालू. अशी काम करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तिने आधी तीन भाऊ ऐकले. मग माझी पाळी आली, आणि ती पदराने तोंड दाबून हसायला लागली. मनस्वी जागी होऊ नये म्हणून.

"निनाद, हे ऐकलंस? मांजरीचा बाप!"

"ऐकलंय," निनाद म्हणाला. "चार नंबर टाकून दे."

"टाकून दे म्हणजे?"

"म्हणजे बंद कर. तीनच घे. चारमध्ये सगळ्या बायका आहेत. पावलं आहेत, श्वास आहेत. त्यांना प्युअर पाहिजे."

"किती छान आहे पण हे."

"छान आहे गं. पण निसर्गाच्या रेकॉर्डिंगमध्ये माणूस नसतो. जगभर हाच नियम आहे."

"मग रेकॉर्डिंग करणारा तू कोण? बगळा?"

निनाद हसला. भावनाही हसली. पण चार नंबर बंद झाला. तिने तो पुसला नाही, एवढंच. आणि निनादने मला डब्यातून काढून पाळण्याखालच्या खोक्यात टाकलं, कारण डब्यात आता त्याला तिसऱ्या माईकची जास्तीची तार ठेवायची होती. तिथे मनस्वी रांगत यायची आणि माझं टोपरं चावायची. दिवसभरात माझ्याकडे लक्ष देणारी ती एकटीच. तिच्यावर माझा राग नाही. पण ओल्या टोपऱ्यात पावसाळा काढणं म्हणजे काय, ते माईकलाच ठाऊक. माझ्या पापुद्र्याला बुरशी येता येता राहिली.

मला वाटलं होतं, आपली गोष्ट इथेच संपली. एक टाकलेला माईक. पण खरी संतापाची गोष्ट तर पुढे आहे.

भावना सेक्टरच्या बाजारात मासळी घ्यायला जाते. एक दिवस ती घरी आली ती पिशवी न ठेवताच बोलायला लागली. ती ओट्यापाशी, मी खोक्यात. शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"आज एका मावशीकडे कालवं घेत होते. ती मागच्या बाईला काहीतरी बोलली आणि मी थबकले. म्हटलं, तुम्ही कृष्णाबाई ना? ती घाबरलीच. मी तिला कधी पाहिलेलं नाही, निनाद. पण आवाज! तो आवाज मी एवढ्या वेळा ऐकलाय की झोपेत ओळखीन."

"बरं, मग?"

"मग ती रडली नाही, चिडली. म्हणाली, आमची वाट बंद करतात. कुंपण बरोबर वाटेवरून जातंय. कंपनीने लिहून दिलंय की या बाजूला कोणाचा वावर नाही. पुरावा म्हणून काय जोडलंय माहितीये? आवाज. तुझा आवाज. सकाळच्या ओहोटीचा. त्यात माणूस नाही म्हणून तिथे माणूस येतच नाही!"

निनादने तिच्या हातातली पिशवी घेऊन ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी फक्त रेकॉर्डिंग दिलं. त्यांनी ते कशाला लावलं, त्याला मी काय करणार?"

"तू रेकॉर्डिंग नाही दिलंस. त्या बायकांनी तुझा मान राखून तोंड मिटलं, ते मिटलेलं तोंड तू विकलंस."

मनस्वी उठून रडायला लागली. कुणी तिला लगेच घेतलं नाही, यावरून समजा त्या घरात काय झालं असेल.

"देवेश पुढचं कामही मलाच देणार आहे," निनाद हळूच म्हणाला. "मला ती नोकरी सोडायची आहे गं. किती वर्षं सासवा स्वच्छ करू?"

"ठाऊक आहे मला," भावना म्हणाली आणि मनस्वीला उचलून आत गेली.

मित्रांनो, खोक्यात पडल्या पडल्या माझा पापुद्रा नुसता जळत होता. मी सगळं ऐकलं होतं. पावलं मी ऐकली, हसणं मी ऐकलं, विनंती मी ऐकली, हो म्हणणं मी ऐकलं. आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हतो. माझं तोंड म्हणतात ते ऐकायचं तोंड आहे. ज्याला सगळं ठाऊक, त्यालाच बोलता येऊ नये! कुणी बनवली असली रीत?

मग सुनावणी ठरली. कुंपणाबद्दल ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी येऊन म्हणावं. देवेशने निनादला दोन कामांसाठी बोलावलं: खाडीचा आवाज सभागृहात नीट वाजवायचा, आणि लोक काय बोलतात ते रेकॉर्ड करायचं. निनादने खोक्यातून मला काढलं. टोपरं बाजूला ठेवलं, फडक्याने पुसलं, लोकांसमोरच्या टेबलावर उभं केलं. खाडीसाठी मी चाललो नव्हतो. लोकांच्या बोलण्यासाठी चाललो. "हा राहू दे," तो मदतनिसाला म्हणाला, "तसाही वापरात नाही." ऐकलं ना? माझ्यासमोर म्हणाला.

सभागृह भरलं होतं. कोळीवाड्यातल्या बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या, कारण सरकारी माणसासमोर जायचं होतं. भावना मागे भिंतीशी उभी होती, कडेवर मनस्वी. समोर सुनावणी घेणाऱ्या मॅडम. देवेश उठला. दोन शब्द बोलला, मग म्हणाला, "मी कशाला बोलू? खाडीच बोलेल." आणि निनादला खूण केली.

चार कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून खाडी आली. माझे तीन भाऊ. खोटं का बोलू, त्यांनी काम फार सुरेख केलं होतं. पाणी, निवट्या, टिटवी. चौथ्या कोपऱ्यात त्या तिघांचंच उसनं काहीतरी भरलं होतं. कोळणींच्या चेहऱ्यांवर आपल्या माहेरचं नाव ऐकल्यासारखं हसू आलं.

आवाज थांबला. देवेश म्हणाला, "पाहिलंत? माणसाचा मागमूस नाही. ही जागा पक्ष्यांची आहे. आपण ती पक्ष्यांना परत देतोय."

कृष्णाबाई उभी राहिली. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"खाडी आमचीच हाय," ती म्हणाली. "टिटवी बी आमचीच, रोज आमाला शिव्या घालते ती. सगला बराबर हाय. मंग आमी कुठं हाव?"

"आजी, तुम्ही त्या दिवशी गेला नसाल."

"आजी कोनाला बोलतो? तुज्या आयशीच्या वयाची हाय मी!" हशा पिकला. तिने तो हाताने थोपवला. "आमी होतो. ह्या पोरानं आमाला गप बसवलं. हात जोडून. मी बोलले, पावना हाय, मान राखू. किशोरी बुडता बुडता राहिली त्या मानापायी. आनि आता तुमी बोलता, आमी नव्हतोच?"

"मॅडम, याला काही पुरावा नाही," देवेश म्हणाला.

सुनावणीच्या मॅडम निनादकडे वळल्या. "रेकॉर्डिंग तुम्ही केलं ना? त्या वेळी तिथे कुणी होतं?"

निनादच्या कानांवर हेडफोन होते. सभागृहातला प्रत्येक आवाज माझ्यातून त्याच्या कानांत जात होता. कृष्णाबाईचा आवाज आला तसा त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला होता, चार नंबर कमी करायला. मी पाहत होतो. तो हात बटणावर येऊन थांबला. फिरला नाही.

भावना पुढे आली. भांडण नाही, भाषण नाही. खांद्यावरच्या पिशवीतून, मनस्वीच्या दुपट्यांच्या खालून तिने एक छोटी हार्ड डिस्क काढली आणि टेबलावर माझ्या शेजारी ठेवली. "चारही आहेत यात," ती म्हणाली. "काय करायचं ते तू ठरव."

देवेश कुजबुजला, "निनाद, डोकं शांत ठेव. तो नॉइज आहे. आपलं ठरलंय ना पुढचं?"

निनादने हेडफोन काढून ठेवले. "मॅडम, कंपनीला दिलं ते तीन माईकचं आहे," तो म्हणाला. "मी चार लावले होते."

आणि चौथ्या कोपऱ्यातून मी आलो.

आधी पावलं. ओल्या बांधावरून उतरणारी, एकामागे एक. मग किशोरी: 'तिवराला मांजर कोनी बांधलं गो?' सभागृहात मागे बसलेल्या किशोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. 'तो ह्या मांजरीचा बाप.' सगळे निनादकडे बघून हसले. सुनावणीच्या मॅडमसुद्धा खाली बघून हसल्या. आणि मग, अगदी जवळून, स्वच्छ, निनादचा स्वतःचा आवाज: 'मावशी, एक विनंती आहे. मी खाडीचा आवाज घेतोय. तुम्ही जरा वेळ बोलू नका. हसू पण नका.'

हसणं विझलं.

'बरं बाबा. पावना हायस. तुजा मान राखू.'

त्यानंतर शांतता. पाणी, निवट्या, टिटवी. देवेशने ऐकवलं होतं तेच सगळं, तसंच. पण या वेळी कुणाच्याही चेहऱ्यावर हसू आलं नाही. ती शांतता कुणी कुणाला दिली होती, हे आता सभागृहाला कळलं होतं.

"पुरे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण तांत्रिकदृष्ट्या हा चॅनेल..." देवेशने सुरुवात केली.

"खाली बसा. कुंपणाची रेघ वाटेच्या अलीकडे घ्या. वाट बाहेर राहील. मग उद्यानाचं बोलू."

वाट राहिली, मित्रांनो. आजही बायका ओहोटीला तिथूनच उतरतात. कुंपणाच्या तारेला खेटून, पण उतरतात. देवेशने निनादला पुढचं काम दिलं नाही. निनाद अजून सासवा स्वच्छ करतो.

म्हणजे राग गेला का? गेला नाही. उद्यान झालं. त्याच्या दाराशी एक थंडगार खोली आहे. तिथे तिकीट काढलेली माणसं गाद्यांवर डोळे मिटून बसतात आणि खाडीचा आवाज ऐकतात. कुठला? तोच, तीन माईकचा. कंपनीने तो विकत घेतलाय, तिचा आहे. बाहेर पाटी लावलीय: 'अस्पर्श खाडी'. खोलीच्या काचेच्या भिंतीपलीकडून रोज कृष्णाबाई आणि किशोरी एकमेकींची टर उडवत चालत जातात, आणि आत त्या चालत नसल्याचा आवाज लावलेला असतो. काच जाड आहे. खरा आवाज आत येऊ नये म्हणूनच जाड बसवलीय. मला सांगा, याचा राग येऊ नये तर कशाचा यावा?

निनादने मात्र एक केलं. पुढच्या सुट्टीत आम्हा चौघांना घेऊन तो पुन्हा खाडीवर गेला. भावना आणि मनस्वीही होत्या. त्याने मला त्याच बाजूला, वाटेकडे तोंड करून बांधलं, मीही चौघांतलाच एक असल्यासारखं. बायका आल्या. कृष्णाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय रे, आज गप बसायचं काय?"

"नाही मावशी."

"मंग सरक. वाटेत उभा हायस."

तो सरकला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला कोरड्या डब्यात ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळू नका, एवढं केलंत तरी माझी काळजी घेतली असं समजेन. पण माझ्यापेक्षा ज्यांना मी ऐकतो त्यांच्यासाठी थोडं मागू द्या. जंगलात, नदीवर, खाडीवर जाल तेव्हा कुणीतरी ओठांवर बोट ठेवून तुम्हाला म्हणेल, 'श्श, निसर्ग ऐका.' जरूर ऐका. फार गोड असतो तो. फक्त डोळे मिटायच्या आधी एकदा मागे वळून बघा, तुम्हाला तो ऐकू यावा म्हणून कुणाला तोंड मिटायला सांगितलंय. आणि ते माणूस पाहुणचार म्हणून गप्प बसलेलं असेल, तर उठून त्याला वाट द्या.